अर्धवट राहिलेले शिक्षण आणि प्राथमिक शिक्षक

(बांदा येथे केंद्राच्या शिक्षण परिषदेत केलेले भाषण)



विस्तार अधिकारी बोलावयास उभा राहिला म्हणजे तो कोणता तरी तक्ता मागणार किंवा कोणती तरी माहिती अद्याप आली नाही म्हणून तक्रार करणार, असे आपण धरून चालता. त्यात आपला दोष नाही. आज मात्र मी कोणताही तक्ता मागणार नाही. आपल्या हजेरीपटावर ज्यांची नावे आहेत त्यांच्याविषयी आपण दर महिन्यास बोलतो. ज्यांची नावे एके काळी त्या पटावर होती, पुढे लाल शाईने कमी झाली आणि मग कोणाच्याच स्मरणात राहिली नाहीत, त्यांच्याविषयी आज चार शब्द बोलावेत असे मनात आहे.

ही माणसे शोधावयास लांब जावे लागत नाही. सकाळी सात वाजता बांद्याच्या स्टँडवर उभे राहिले तरी पुरे. डेगवे, वाफोली, इन्सुली, शेर्ले, मडुरा या गावांतील तरुण मुले मोटारसायकलींवरून आणि बसमधून पत्रादेवीचा नाका ओलांडून गोव्यात कामास जाताना दिसतात. जानेवारी २०२३ पासून मोपा येथील विमानतळावर विमाने ये-जा करू लागली, तेव्हापासून ही रांग वाढली आहे. त्यांपैकी कितीतरी जण आपल्याच शाळांतून शिकून गेले. कोणी आठवीत शाळा सोडली, कोणी नववीत, कोणी दहावीस एकदा बसून दोन विषयांत राहिला तो पुन्हा बसलाच नाही. ही मुले आळशी नाहीत. दिवसाचे दहा तास राबतात. परंतु पाच वर्षे एकाच ठिकाणी काम केल्यावर वरची जागा रिकामी होते, तेव्हा मालक विचारतो, "दहावीचे प्रमाणपत्र आहे काय?" आणि त्या एका प्रश्नापाशी सगळे थांबते. गावच्या कारभाराची गोष्टही तीच. १ जानेवारी १९९५ नंतर जन्मलेल्या मनुष्यास ग्रामपंचायतीच्या निवडणुकीस उभे राहावयाचे असेल, तर तो निदान सातवी उत्तीर्ण असावा लागतो.

अशा मनुष्यास आपण काय सांगतो? बहुधा एवढेच, की "आता काय उपयोग? वेळ निघून गेली." हे आपण सहज बोलून जातो. पण ते खरे नाही, आणि शिक्षकाच्या तोंडून निघाले म्हणजे ऐकणारा तो निकाल समजतो. आज मला मुख्यतः हेच सांगावयाचे आहे.

वेळ निघून गेली असे म्हणण्याचा अधिकार सगळ्या व्यवसायांत आपल्या व्यवसायास सर्वांत कमी आहे. आपल्याआधीच्या पिढीतील प्राथमिक शिक्षक आठवा. मराठी सातवीची, म्हणजे व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा देऊन ते नोकरीस लागले. पुढे ट्रेनिंग कॉलेजात जाऊन प्रशिक्षित झाले. त्यांपैकी कितीकांनी दिवसा चार वर्ग एकत्र सांभाळून रात्री कंदिलाच्या उजेडात इंग्रजी आणि बीजगणित घोटले, आणि पोरेबाळे झाल्यावर बाहेरून बसून मॅट्रिक किंवा एस. एस. सी. केली. कोकणातील जुन्या शिक्षकांच्या घरी अशी एक तरी कथा हमखास ऐकावयास मिळते. दुसऱ्या दाराने शिक्षणात परत येण्याची वाट आपल्याच वडीलधाऱ्यांनी मळलेली आहे.

याहून मागे गेलो तर महर्षी कर्व्यांचे उदाहरण आहे. धोंडो केशव कर्वे हे आपल्याच कोकणातले, मुरुडचे. १८७५ साली मराठी सहावीच्या परीक्षेस बसण्यासाठी ते मुरुडहून सह्याद्री ओलांडून शंभराहून अधिक मैल पायी चालत साताऱ्यास गेले. तेथे परीक्षा घेणाऱ्यांस त्यांच्याकडे पाहून सतरा वर्षांचे वय पुरे झालेले वाटेना, आणि त्यांस परीक्षेस बसू दिले नाही. एवढे चालून गेलेला मुलगा तसाच परत फिरला. पुढे कोल्हापुरास जाऊन त्यांनी ती परीक्षा दिली. मॅट्रिक झाले ते १८८१ साली, म्हणजे वयाच्या तेविसाव्या वर्षी. आजच्या हिशेबाने हा सात-आठ वर्षांचा उशीर. त्या उशिरा मॅट्रिक झालेल्या मनुष्याने पुढे स्त्रियांचे विद्यापीठ उभारले, हे मी आपणांस सांगावयास नको. मला त्या कथेत दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक, उशीर म्हणजे शेवट नव्हे. दुसरी, वयाच्या एका प्रश्नापायी मनुष्याचे एक वर्ष वाया जाऊ शकते. ही दुसरी गोष्ट ध्यानात ठेवा. तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

आणखी अलीकडचे उदाहरण कवी नारायण सुर्वे यांचे. गिरणगावात वाढलेला हा मुलगा लहानपणीच मजुरीस लागला. पुढे मुंबई महानगरपालिकेच्या शाळेत ते शिपाई होते. शिपायाचे काम करता करता त्यांनी सातवीची परीक्षा दिली, ते प्राथमिक शिक्षक झाले, आणि ज्या महानगरपालिकेच्या शाळेत घंटा वाजविली त्याच महानगरपालिकेच्या मुलांस शिकविले. 'माझे विद्यापीठ' हा त्यांचा कवितासंग्रह १९६६ साली प्रसिद्ध झाला. १९९५ साली परभणीच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. सातवीचे ते एक प्रमाणपत्र नसते तर कविता कदाचित झाली असती. पण शिक्षक म्हणून वर्गात उभे राहणे झाले नसते.

रात्रीची शाळा ही कल्पनाही आपल्याकडे नवी नाही. जोतीराव फुले यांनी १८५५ साली पुण्यास आपल्या घरी कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा चालविली. मुंबईस गिरणीत पाळी करणारे आपले चाकरमानी खानावळीत जेवून रात्रशाळेत जात, आणि तेथून कितीजण एस. एस. सी. होऊन कारकून झाले, शिक्षक झाले. परदेशातही हेच दिसते. दुसऱ्या महायुद्धात शाळा अर्धवट टाकून सैन्यात गेलेल्या तरुणांसाठी अमेरिकेने १९४२ साली हायस्कुलाच्या तोडीची एक वेगळी परीक्षा काढली. पुढे ती सर्वसामान्य नागरिकांसही खुली झाली आणि आजतागायत चालू आहे. तेव्हा शाळा सुटलेल्या मनुष्यास परत घेणे ही कोणा एकट्यावर केलेली मेहेरबानी नव्हे. ज्या समाजास आपली माणसे वाया जाऊ द्यावयाची नसतात, तो अशी व्यवस्था करतोच.

आपल्याकडे आज ती व्यवस्था कोणती आहे, हे आता पाहू. याविषयी गावात फार घोटाळा आहे, आणि खरे सांगावयाचे तर आपल्यापैकी पुष्कळांसही नीट माहिती नसते. मुख्य वाटा तीन आहेत.

पहिली वाट सतरा नंबरच्या फॉर्मची. राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या दहावीच्या परीक्षेस खाजगी विद्यार्थी म्हणून बसण्याचा हा अर्ज. आपले विभागीय मंडळ २०१२ पासून रत्नागिरीस आहे. अर्जदार निदान पाचवी उत्तीर्ण असावा लागतो आणि त्याचे वय चौदा वर्षे पुरे झालेले असावे लागते. अर्ज आता संगणकावरून भरावा लागतो. शाळा सोडल्याचा मूळ दाखला, आधारपत्र आणि छायाचित्र ही कागदपत्रे नेमून दिलेल्या संपर्क केंद्रावर, म्हणजे एखाद्या माध्यमिक शाळेत, सादर करावयाची असतात. तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षा ती शाळा घेते. लेखी परीक्षा मात्र नियमित मुलांबरोबर, त्याच दिवशी, त्याच प्रश्नपत्रिकेवर. एखाददुसऱ्या विषयात राहिले तर पुरवणी परीक्षा आहे. मिळणारे प्रमाणपत्र मंडळाचेच असते. त्याचे मोल कोठेही कमी धरले जात नाही.

दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची. ही केंद्र सरकारची संस्था. ती १९८९ साली राष्ट्रीय मुक्त विद्यालय या नावाने सुरू झाली आणि २००२ साली तिला आजचे नाव मिळाले. माध्यमिक परीक्षेस बसण्यासाठी वय चौदा वर्षे पुरे असावे लागते. अमुक इयत्ता उत्तीर्ण असलीच पाहिजे अशी अट नाही. एका भाषेसह पाच विषय घ्यावयाचे, आणि ते एकदम उत्तीर्ण होण्याची सक्ती नाही. पाच वर्षांच्या मुदतीत परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. एक विषय झाला की तो जमा. पुढच्या वेळी दुसरा. पूर्वी मान्यताप्राप्त मंडळाच्या दहावीत उत्तीर्ण झालेल्या विषयांपैकी दोनपर्यंत विषय जमेस धरून घेण्याचीही सोय आहे. मोलमजुरी करणाऱ्या मनुष्यास ही पद्धत फार सोयीची.

तिसरी वाट राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाची. शासनाने हे मंडळ स्थापिले. पाचवी, आठवी आणि त्यापुढील दहावी अशा पायऱ्यांनी ते चालते. ज्याची प्राथमिक शाळाच अपुरी राहिली, त्यास या पायऱ्या उपयोगी पडतात. जो अगदीच निरक्षर आहे, त्यास आधी अक्षरओळख हवी. पंधरा वर्षांवरील अशा व्यक्तींसाठी २०२२ पासून नवभारत साक्षरता कार्यक्रम चालू आहे. आपल्यापैकी अनेकांनी त्यात काम केलेलेच आहे. मात्र त्या चाचणीचे प्रमाणपत्र मिळाल्यावर आपण मनुष्यास सोडून देतो. वाचावयास आले म्हणजे वाट संपली असे नाही; ती तेथून सुरू होते, हे त्यास कोणी सांगत नाही.

बंधुभगिनींनो, या तिन्ही वाटांच्या तोंडाशी एक गोष्ट उभी आहे, आणि ती आपल्या हातातली आहे. ती म्हणजे आपल्या शाळेचे जनरल रजिस्टर. याविषयी मी माझीच एक चूक सांगणार आहे. सांगताना मला संकोच वाटतो. पण ती सांगितल्यावाचून माझ्या बोलण्यास अर्थ राहणार नाही.

नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी याच तालुक्यातील एका लहानशा शाळेवर सहशिक्षक होतो. पाचवीच्या वर्गात एक मुलगी होती. अक्षर चांगले, पाढे तोंडपाठ. दिवाळीनंतर ती मध्येच येईनाशी झाली. आई काजूच्या कारखान्यात जाऊ लागली होती, आणि घरी पाळण्यात धाकटा भाऊ होता. मी शेजारच्या मुलांबरोबर दोनदा निरोप धाडला. तिसऱ्या वेळी निरोप धाडला नाही. फेब्रुवारी महिन्यात नियमाप्रमाणे तिचे नाव कमी केले, आणि रजिस्टरात कारणाच्या रकान्यात लिहिले, "सतत गैरहजर". तिचे घर शाळेपासून दोन शेतांच्या पलीकडे होते. मी एकदाही तेथे गेलो नाही. वार्षिक परीक्षेस दोन महिने उरले होते.

नियमाने माझे काही चुकले नव्हते. तपासणीस आलेल्या साहेबांनी ते पान पाहिले आणि शेरा दिला नाही.

चार वर्षांपूर्वी मी त्याच शाळेच्या भेटीस गेलो होतो. दुपारी एक बाई मुख्याध्यापकांच्या दारात उभ्या राहिल्या. दुसऱ्या एका शाळेत पोषण आहाराचा स्वयंपाक करणाऱ्या मदतनीस होत्या त्या. त्यांनी विचारले, "गुरुजीनू, माझो शाळा सोडल्याचो दाखलो मेळतलो?" मला त्यांनी ओळखले, मी ओळखले नाही. रजिस्टर काढले, पान उलटले, आणि माझेच अक्षर माझ्यापुढे आले.

मी विचारले, "बाई, दाखला कशासाठी हवा?" त्या म्हणाल्या, "चेडवाक फॉर्मार आवशीचा शिक्षण चौथी म्हणान लिवचा लागता." त्यांची मुलगी नववीत होती. तिच्या अभ्यासास बसताना आईही शेजारी बसे, आणि दोघींनी मिळून दहावी करावी असे त्यांच्या मनाने घेतले होते. कोणी तरी सतरा नंबरच्या फॉर्मविषयी सांगितले होते म्हणून त्या दाखल्यासाठी आल्या होत्या.

दाखला मिळाला. पण त्यावर शेवटची उत्तीर्ण इयत्ता चौथी होती, आणि सतरा नंबरच्या फॉर्मास पाचवी लागते. त्या वर्षी मी दोन शेते ओलांडून गेलो असतो, परीक्षेच्या चार दिवसांपुरती तरी त्या मुलीची सोय करा असे तिच्या आईस सांगितले असते, तर ती पाचवी झाली असती. पंचवीस वर्षांनंतर तिच्यापुढे जी अडचण उभी राहिली, ती माझ्या त्या न गेलेल्या फेरीची होती. हे मी त्यांस तेथेच सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, "तेव्हा तुमी इल्यात आसतात तरी आवशीन धाडल्यान नसता." ते त्यांनी माझ्या समाधानासाठी म्हटले की ते खरे होते, मला अद्याप कळलेले नाही. पण मी गेलो नाही एवढे मला कळते.

मग आम्ही दुसरी वाट धरली. राष्ट्रीय मुक्त विद्यालयात त्यांचे नाव घातले. मराठी, हिंदी, सामाजिक शास्त्र, गृहविज्ञान आणि गणित असे पाच विषय. पहिल्या वेळी तीन झाले. पुढे हिंदी झाले. मुलगी यथावकाश दहावी होऊन पुढे गेली. आईचे गणित अजून राहिले आहे, दोनदा गेले. मुदत आहे आणि संधीही आहेत. सध्या एक तरुण शिक्षिका रविवारी दोन तास त्यांस शिकवितात. मी सांगितले म्हणून नव्हे, आपण होऊन. त्या बाई आज या सभागृहात बसलेल्या आहेत. त्यांचे नाव घेतलेले त्यांस आवडणार नाही म्हणून घेत नाही.

या अनुभवातून मी जे शिकलो ते आता क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, नाव कमी करण्याची घाई करू नये. २००९ चा बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे. मध्येच सुटलेल्या मुलास वयानुरूप वर्गात घेण्याची आणि त्याच्यासाठी विशेष प्रशिक्षण देण्याची तरतूद त्यात आहे. अशा रीतीने दाखल झालेल्या मुलाचे वय चौदाच्या पुढे गेले, तरी आठवी पुरी होईपर्यंत त्यास मोफत शिक्षणाचा हक्क आहे. कायदा एवढे म्हणतो. मी त्यात आपल्या जिभेवरचा एक नियम घालतो: नाव कमी करण्यापूर्वी शिक्षकाने त्या घरी स्वतः जावे. निरोप पुरत नाही. मूल निदान चालू इयत्ता उत्तीर्ण होऊन जाईल एवढे तरी पाहावे. एक इयत्ता अधिक म्हणजे पुढे एक दार अधिक.

दुसरी गोष्ट रजिस्टरातील नोंदीची. पहिलीत नाव घालताना घरचे लोक जे सांगतील ते आपण लिहितो. घरी 'बाबलो' म्हणतात म्हणून रजिस्टरात बाबलो. आधारपत्रावर नाव निराळे. आईचे नाव एके ठिकाणी माहेरचे, दुसरीकडे सासरचे. आणि जन्मतारीख पुष्कळदा १ जून. त्या वेळी कोणाचे काही अडत नाही. वीस वर्षांनी तोच बाबलो दहावीचा अर्ज भरावयास जातो, आणि दाखल्यावरचे नाव व आधारपत्रावरचे नाव जुळत नाही. मघाशी मी कर्व्यांची गोष्ट सांगितली. त्यांस वयावरून परत पाठविले ते अपरिचित परीक्षकांनी. आपल्या मुलांस परत पाठविणारी नोंद आपल्याच हातची असू नये. मूल शाळेत असेपर्यंत पुराव्यासह दुरुस्तीचा प्रस्ताव वरिष्ठांकडे पाठविता येतो. शाळा सुटल्यावर ती दुरुस्ती फार जड जाते. म्हणून दरवर्षी जुलै महिन्यात प्रत्येक वर्गाची नावे, जन्मतारखा आणि आईचे नाव ही जन्मदाखल्याशी ताडून पाहावीत. हे काम कंटाळवाणे आहे खरे. पण मुलाच्या जन्मभर पुरणारे आहे.

तिसरी गोष्ट दाखल्याची. जुना विद्यार्थी दाखला मागावयास आला तर त्यास दहा फेऱ्या घालावयास लावू नये. तो कामाचा खाडा करून आलेला असतो. गोव्यात एक दिवस बुडाला म्हणजे एक दिवसाचा पगार बुडाला. जीर्ण झालेली रजिस्टरे बांधून घ्यावीत, वाळवीपासून आणि कौलांतून गळणाऱ्या पाण्यापासून जपावीत. आपल्या कोकणच्या पावसात कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवलेले रजिस्टर किती दिवस टिकते, हे मी आपणांस सांगावयास नको.

चौथी गोष्ट वेळेची. सतरा नंबरच्या अर्जाच्या तारखा मंडळ दरवर्षी जाहीर करते, आणि त्या बहुधा पावसाळ्यात येतात. तेव्हा आपल्याकडे लावणीची घाई असते. चिखलातून हातपाय धुऊन मनुष्य घरी येतो तेव्हा त्यास तारखांचे भान नसते. आणि फेब्रुवारीत दहावीच्या परीक्षेची चर्चा ऐकू आली म्हणजे तो फॉर्म भरावयास निघतो. तोवर मुदत संपलेली असते. म्हणून प्रत्येक शाळेने एक साधी वही करावी. गावातील चौदा वर्षांवरील ज्यांची दहावी राहिली आहे, त्यांची नावे, शेवटची उत्तीर्ण इयत्ता आणि दाखला आहे की नाही, एवढेच तीत लिहावे. ही वही वरच्या कार्यालयास पाठवावयाची नाही; ती आपल्यासाठी. तारखा जाहीर झाल्या की त्या घरी निरोप द्यावा. बचत गटाच्या बैठकीत सांगावे, ग्रामसभेत सांगावे. चतुर्थीस मुंबईचे चाकरमानी घरी येतात, त्यांस आरतीनंतर सांगावे. त्यांच्यातही दहावी राहिलेले पुष्कळ असतात, आणि मुंबईस अजून रात्रशाळा आहेत.

पाचवी गोष्ट शिकविण्याची. मोठ्या मनुष्यास शिकविताना आपली रोजची सवय थोडी बाजूस ठेवावी लागते. त्यास लहान मुलांच्या बाकावर बसवू नये आणि मुलांदेखत प्रश्न विचारू नयेत. आपला जुना विद्यार्थी असला तरी, चारचौघांत तरी, त्यास अहोजाहो करावे. त्याचे इंग्रजी कच्चे असते, पण व्यवहार पक्का असतो. गवंड्यास क्षेत्रफळ निराळे शिकवावे लागत नाही. तो रोज तेच करतो, फक्त त्यास सूत्राचे नाव ठाऊक नसते. बचत गटाचा हिशेब ठेवणाऱ्या बाईस सरळव्याज येतेच. तेथून आरंभ करावा. पाठ्यपुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात, आणि आता बहुतेक घरी मोबाईल आहे. आठवड्यातून दोन संध्याकाळी दीड तास, जुलैपासून फेब्रुवारीपर्यंत, एवढे नेटाने केले तर साधारण बुद्धीचा मनुष्य उत्तीर्ण होण्याइतकी तयारी करतो. आपण दहावीचे सगळे विषय शिकवू शकणार नाही हे मला ठाऊक आहे. भाषा आणि गणिताचा पाया तर शिकवू शकू? उरलेल्यासाठी जवळच्या हायस्कुलातील शिक्षकांस विनंती करावी. मागितले तर नाही म्हणणारे थोडे असतात.

सहावी आणि शेवटची गोष्ट सावधगिरीची. ज्यांस दहावीची निकड आहे त्यांस फसविणारेही निघतात. "महिन्यात पास करून देतो, परीक्षेस येण्याची गरज नाही," असे म्हणून हजारो रुपये घेतात आणि कोणत्या तरी परराज्यातील, कोणी न ऐकलेल्या मंडळाचा छापील कागद हाती देतात. तो कागद पुढे नोकरीच्या पडताळणीत खोटा ठरतो. पैसे जातात, नोकरी जाते आणि अब्रूही जाते. गावातील मनुष्य अशा वेळी प्रथम शिक्षकास विचारतो. त्यास स्पष्ट सांगावे, की परीक्षा दिल्यावाचून मिळणारे प्रमाणपत्र हे प्रमाणपत्रच नव्हे. आणि खरी वाट दाखवावी. खरी वाट ठाऊक नसली म्हणजेच मनुष्य खोट्या वाटेस लागतो.

आता कोणी म्हणेल, "साहेब, आमच्या पटावरच्या मुलांचेच आम्हांस पुरेसे होते. ही आणखी कामे कशास?" ही तक्रार खोटी नाही. दोन शिक्षकी शाळेत चार-पाच वर्ग सांभाळून, माहिती भरून, पोषण आहार पाहून शिक्षक किती थकतो हे मी स्वतः अनुभवले आहे. म्हणूनच हे काम मी आदेश म्हणून सांगत नाही. मी एवढेच दाखवू इच्छितो, की हे काम आपल्या रोजच्या कामापासून वेगळे नाही. ज्या घरी आई संध्याकाळी पुस्तक उघडून बसते, त्या घरचे मूल शाळेत टिकते. ज्या वाडीत एका गवंड्याने तिशीत दहावी केली, त्या वाडीतील आठवीतला मुलगा शाळा सोडण्यापूर्वी दोनदा विचार करतो. पटावर नसलेल्यांसाठी केलेले काम पटावरच्यांच्याच खाती जमा होते.

आणि प्रत्येक जण उत्तीर्ण होईलच असे वचन मी देत नाही. कोणी एका विषयात राहील, कोणी मध्येच सोडील, कोणास पुन्हा पाळणा किंवा लावणी किंवा आजारपण आड येईल. त्या वेळी त्याची आशा सुटू न देणे हेच शिक्षकाचे काम. परीक्षेने मनुष्यास अनुत्तीर्ण म्हटले तर तो पुन्हा बसू शकतो. आपण त्यास "वेळ निघून गेली" असे म्हटले तर तो बसत नाही.

एवढे बोलून मी आपली रजा घेतो. जाताना एकच विनंती. उद्या शाळेत गेल्यावर जनरल रजिस्टर काढा, आणि कारणाच्या रकान्यात "सतत गैरहजर" असे जेथे जेथे लिहिले असेल तेथे थांबून ते नाव वाचा. त्यांपैकी एकाचे घर तरी आपणांस ठाऊक असेल. त्या घरी या आठवड्यात एकदा जाऊन या.